पोलादातल्या घड्या

न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थच्या आमच्या घरी दसऱ्याला पूजेत मांडायची शस्त्रं म्हणजे एक विळी, बायकोचा स्टेथोस्कोप आणि माझा लॅपटॉप. त्यामुळे शेजारच्या आजोबांकडे खरी जपानी तलवार आहे म्हटल्यावर मला राहवलं नाही. मागितली. त्यांनीही हौसेने आणून दिली. पाटावर ती ठेवताना माझी छाती अशी फुगली, जणू मीच कुठली लढाई मारून आलो होतो. मग रीतीप्रमाणे पात्यावर पाणी शिंपडलं, ओलं हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल.

दुसऱ्या दिवशी पुसायला घेतली तर पात्यावर अंगठ्याएवढा तांबूस डाग. घासला. जाईना. मी हॉस्पिटलात फार्मसिस्ट. 'कोरड्या जागी ठेवा' हे लोकांना सांगण्यावर माझं पोट चालतं.

"बाबा, यू हॅव टू टेल हिम," मुलगी म्हणाली.

"सांगतो ना."

"आजच सांगा हं," बायको म्हणाली.

मी तलवार म्यान करून परत दिली आणि झेंडूच्या रोपांबद्दल बोलून आलो.

चार दिवसांनी आजोबाच दारात. हॅमिल्टनला अशा तलवारींच्या एक जाणकार बाई आहेत, त्या बघायला तयार आहेत. डोळ्यांमुळे एवढं ड्रायव्हिंग झेपत नाही, नेशील का? नाही कुठल्या तोंडाने म्हणणार!

वाटेत कळलं ते असं. त्यांचे वडील महायुद्धानंतर न्यूझीलंडचे शिपाई म्हणून जपानात होते, तिथून ही तलवार घेऊन आले. ती शेकडो वर्षं जुनी, हाताने घडवलेली, असं ते मरेपर्यंत सांगायचे. थोरला भाऊ तोंडावर हसायचा : असल्या तलवारी युद्धात कारखान्यातून ढिगाने निघाल्या, म्हातारा थापा मारतो.

"मला तलवार विकायची नाहीये," आजोबा म्हणाले. "वडील खोटं बोलत होते का, एवढंच कळू दे. भाऊ आहे तोवर."

मी ताइहापेला थांबल्यावर कबूल करणार होतो. तिथे सॉसेज रोल खाल्ला. टाउपोला करणार होतो. तिथे तळं फार सुंदर दिसत होतं.

बाई दूध पावडरच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या इंजिनियर. त्यांनी पातं उपसलं आणि पहिलाच प्रश्न : "हे काय?"

"मी पूजा केली," मी म्हणालो. "पाण्याने."

आजोबा माझ्याकडे वळले. "पाच तास गाडीत होतास, मेट."

"हो."

"घासलंस?" बाईंनी विचारलं.

"थोडंसं."

"आता पुन्हा हात लावू नकोस."

मग त्यांनी समजावलं. जुना लोहार तापलेलं पोलाद ठोकायचा, दुमडायचा, परत ठोकायचा. त्या थरांच्या रेषा पात्यावर लाकडाच्या नसांसारख्या उमटतात. कारखान्याच्या पात्याला घड्या नाहीत, म्हणून रेषाही नाहीत. म्हणजे घडीची पोळी, मी मनात म्हटलं.

त्यांनी पात्याला तेल लावून टिपून घेतलं, पडदे ओढले, एकच दिवा ठेवला आणि पातं तिरपं धरलं. काही नाही. नुसतं धुरकट, जुन्या आरशासारखं. आजोबांनी गुडघे घट्ट धरले होते. बाईंनी पातं आणखी जरासं कलतं केलं.

"इथे. बघा."

मी आधी न दिसताच "वा!" म्हणून टाकलं. आणि मग खरंच दिसलं. सागाच्या फळीवर असतात तशा रेषा, कुठे गाठीभोवती वळलेल्या, कुठे दगडाला वळसा घालणाऱ्या पाण्यासारख्या पुढे निघालेल्या. वरून कोरलेलं काही नव्हतं. सगळं आतून आलेलं. कुणीतरी, कधीतरी, धग सोसत ही प्रत्येक घडी घातली होती.

"जुनी आहे. हाताचीच," बाई म्हणाल्या. डाग पॉलिशने निघेल, पण दर पॉलिशला पातं झिजतं, हेही त्यांनी सांगितलं.

"राहू दे," आजोबा म्हणाले. त्यांनी ब्रिस्बेनला भावाला फोन लावला. तिकडून "हॅलो" आलं. "तूच सांग," म्हणत त्यांनी फोन माझ्या हातात कोंबला.

मी, दहा मिनिटांचा तज्ज्ञ, परक्या माणसाला पोलादाच्या घड्या समजावू लागलो.

"तू कोण?"

"शेजारी. डाग मी पाडला."

"म्हणजे म्हातारा खरं सांगत होता."

"हो."

"पुन्हा सांग," तो म्हणाला. "ते लाकडासारखं कसं दिसतं, ते."

मी पुन्हा सांगितलं. या वेळी सावकाश, पात्याकडे बघत.