एका शुद्धलेखकाची हकालपट्टी

इंटरनेटवर देवनागरीत लिहिता येऊ लागलं, तेव्हा पुण्यातल्या मराठी माणसाला पहिल्यांदा काय सुचलं असेल, तर दुसऱ्याचं मराठी तपासणं. अशाच एका चर्चेच्या ग्रुपची मी मॉडरेटर होते. दिवसा खराडीतल्या ऑफिसात सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करायचे, म्हणजे लोकांच्या चुका काढण्याचा पगार घ्यायचे, आणि जेवणाच्या सुट्टीत ग्रुपवरची भांडणं सोडवायचे, ती फुकट. ग्रुप काढणारा गृहस्थ अमेरिकेत होता. "तू पुण्यातच राहतेस, तुला टोमण्यांची सवय असेल," म्हणून त्याने ते काम माझ्या गळ्यात घातलं.

ग्रुपवर एक निवृत्त प्राध्यापक होते. चर्चा पाण्याची असो की पुलाची, ते फक्त वेलांट्या बघायचे. एकदा यवतमाळहून नोकरीसाठी नुकत्याच आलेल्या एका मुलीने लिहिलं, "मी रूम शोधून राहिली, कोणाला माहीत असेल तर सांगा."

प्राध्यापकांचं उत्तर लगेच आलं. "शोधताय की राहिलात? आधी ते ठरवा."

झालं. रूमचा पत्ता कोणीच दिला नाही, हसायला मात्र सगळे जमले. मुलगीही गप्प बसणारी नव्हती. "काका, तुमच्या मराठीत जागा रिकामी असेल तर सांगा, भाडं देऊन राहीन." त्यावर प्राध्यापकांनी प्रमाणभाषेवर एवढा मोठा निबंध टाकला, की वाचता वाचता माझा डबा गार झाला. निबंधाच्या शेवटी तिच्या गावाची आणि शाळेची यथेच्छ टवाळी होती.

मी 'मॉडरेटर' एवढ्याच नावाने त्यांना ताकीद दिली. शीर्षक ठळक अक्षरात: "शेवटची सुचना".

त्यांनी ती सगळ्यांदेखत दुरुस्त करून परत पाठवली. "महोदय, 'सू' दीर्घ. सूचना देणाऱ्याला निदान एवढं तरी सुचायला हवं. आणि 'सुचायला'मधला 'सु' ऱ्हस्व, हेही हातासरशी शिकून घ्यावे."

मी त्यांना ग्रुपमधून काढून टाकलं. मुलीच्या अपमानासाठी काढलं असं मी सगळ्यांना सांगितलं. दीर्घ 'सू'चा राग त्यात किती होता, हे कोणी विचारलं नाही.

मग गंमत सुरू झाली. 'या म्हाताऱ्याला आवरा हो,' असं मला खासगीत लिहिणारी मंडळीच आता अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे झेंडे घेऊन उभी राहिली. एकाने मला हुकूमशहा म्हटलं. तोही शब्द त्याने चुकीचा लिहिला होता, पण सांगणार कोण? सांगणाऱ्याला मीच घालवलं होतं.

पुढच्या रविवारी सकाळी विश्रांतवाडीच्या आमच्या फ्लॅटची बेल वाजली. कोजागरीला ग्रुपची मंडळी आमच्या गच्चीवर जमली होती; प्राध्यापक आले नव्हते, पण पत्ता सगळ्यांकडे होता. नवऱ्याने कणकेच्या हातांनी दार उघडलं. दारात इस्त्रीच्या शर्टातले एक वयस्कर गृहस्थ.

"मॉडरेटर महोदय आपणच का?"

"नाही, मी पोळ्या करतो. त्या आत आहेत."

प्राध्यापकांनी आधी त्याच्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. महोदयचं महोदया करायला त्यांना एक क्षण लागला.

"मला काढलंत, तो आपला अधिकार," ते बसत म्हणाले. "पण हद्दपार करताना तरी शुद्ध लिहावं, एवढीच विनंती."

"अहो, त्या मुलीची एका ओळीत माफी मागा, मी आज परत घेते तुम्हाला."

त्यांनी चहा घेतला, खिशातून पेन काढलं आणि माझ्यासमोर लिहिलं: "सदर सदस्येच्या भावना दुखावल्या गेल्या असल्यास, व त्या दुखावण्याजोग्या असल्यास, खेद वाटतो."

"ही माफी आहे?"

"शुद्ध आहे," ते म्हणाले.

मी नाही म्हटलं. ते उठले. चपला घालताना थोडं थांबून म्हणाले, "घरी हल्ली कोणी माझ्याशी वाद घालत नाही हो." माझा नवरा हळहळला. मीही हळहळले असते, पण जिना उतरता उतरता त्यांनी सोसायटीच्या फलकावरच्या दोन चुका वॉचमनला ऐकवल्या.

त्यांनी स्वतःचा ग्रुप काढला. माझे निम्मे सदस्य तिकडे धावले, आणि वेलांटी चुकेल तसे एकेक करून हाकलले गेले. माझ्या ग्रुपवर उरली शुभ सकाळ आणि गुलाबाची फुलं. अमेरिकेतून कौतुक आलं, "किती सुसंस्कृत झालाय ग्रुप!"

यवतमाळची मुलगी मात्र प्राध्यापकांच्या ग्रुपवर टिकली. रोज त्यांच्याशी कडाकडा भांडायची, तेही 'करून राहिली', 'जाऊन राहिली' करत. तिला त्यांनी कधीच काढलं नाही. मला राहवेना, मी फोन केला. "अगं, ज्याच्याविरुद्ध मी एवढं रण माजवलं, त्याच्याच दारात तू?"

"ताई," ती म्हणाली, "तुमच्या ग्रुपवर तुम्ही माझी बाजू घेतली. माझ्याशी बोलायचं कोणीच नाही."

मी फोन ठेवला आणि ग्रुप उघडला. कोणीतरी गुलाब टाकला होता. मी त्या सदस्याला काढून टाकलं. कारण दिलं नाही.