फुटका कॅन आणि माझी चौकट

हे मी कुठे लिहिलं नाही, कुणाला सांगितलंही नाही. दुसऱ्यांच्या चुका नावागावासह छापत आले — ही माझी.

गोकुळ रोडवरच्या बॅटरी कारखान्यात परशुराम अण्णांचा हात भाजला. माणूस अळणावरकडचा, बॅटरीसाठी गंधकाम्ल पातळ करायचं काम बावीस वर्षं त्यांचंच. मालक म्हणाले, यांनी ॲसिडात पाणी ओतलं. मी रसायनशास्त्राची पदवीधर. लॅमिंग्टन रोडच्या कचेरीत बसून बातमीसोबत चौकट लिहिली — गंधक जाळलं की सल्फर डायऑक्साइड. तापलेल्या उत्प्रेरकावरून नेला की ट्रायऑक्साइड. तो सरळ पाण्यात सोडला तर आम्लाचं धुकं उठतं, म्हणून तीव्र आम्लातच शोषून घेतात. शेवटी ठळक अक्षरांत: ॲसिड पाण्यात घाला, बारीक धारेनं. पाणी ॲसिडात कधीच नाही — उकळून अंगावर उडतं.

यातलं एकही वाक्य चूक नव्हतं. आजही नाही.

मग अण्णांना भेटायला दवाखान्यात गेले. ते म्हणाले, "अक्का, बादलीत पाणीच होतं की! ॲसिडच्या कॅनचा तळ गेला. बावीस वर्षांनी उलटं कोण ओतेल?"

कारखान्यात जाऊन पाहिलं. मागच्या भिंतीशी कॅन पडला होता. तळाला बोट जाईल एवढी चीर.

पान अजून छपाईला लागलं नव्हतं. कुणी दम दिला नव्हता, मालकांचा फोन नव्हता — मग का? चौकट फार छान उतरली होती. कॅन फुटका म्हटलं की नियम मोडलाच नाही. मग चौकट कशाला? मी चौकट ठेवली. चीर गाळली.

चौकट गाजली. गोकुळ रोडवरच्या वर्कशॉपांनी कापून भिंतीला चिकटवली — बातमीसकट, अण्णांच्या नावासकट. हात बरा झाला, पण कॅन पुन्हा हाती आला नाही, झाडू आला. सोबतचे विचारायचे, "काय अण्णा, आंघोळीला आधी पाणी की आधी साबण?"

गेल्या महिन्यात भेटले. कात्रण अजून भिंतीवर आहे, पिवळं पडलेलं. त्याखालीच ते झाडत होते. "होगली बिड्री, अक्का," म्हणाले — जाऊ द्या, सोडा.

मी सोडणार नाही. नवखी होते म्हणू नका — बेचाळीस वर्षांची होते. घाई होती म्हणू नका — नव्हती. माफी? ती मी मागत नाही. मागितली तर अण्णांना पुन्हा माझ्याच सोयीचं बोलावं लागेल.

ठळक अक्षरांत छापायचं राहिलेलं एवढंच: कॅन फुटका होता. परशुराम अण्णांनी ॲसिड पाण्यातच ओतलं होतं. मला माहीत होतं.