तापू दे जरा

मी पदवीधर झालो तो वसंतमामांमुळे. टेम्पो चालवून त्यांनी मला गेमिंग कॉम्प्युटर घेऊन दिला, त्यावरच मी शिकलो. आता नजर अधू झाल्याने त्यांचा टेम्पो सुटलाय. म्हणून त्यांना घाटातल्या ट्रकांचा नवा गेम हवा होता.

“चालेल ना रे, इंजिनिअर?”

मी तो मामांकडे ठेवलेल्या त्याच जुन्या कॉम्प्युटरवर टाकला. घाट दिसला, ट्रक दिसला आणि चित्र तिथंच थिजलं. पंखा घरघरू लागला.

“तापू दे जरा. थंडीत टेम्पो असाच करायचा.”

पडद्याला नाक लावून मामा वाट पाहत राहिले. वस्तू मोडलेली नसते, तरी रस्ताच तिच्या आवाक्याबाहेर जातो. माणसाचंही तसंच.

तोंडावर सांगवलं नाही. शहरात परतून मोठ्या अक्षरांत लिहिलं, “मामा, तापवून उपयोग नाही. तापला की कॉम्प्युटर आणखी मंद होतो. बंद करून ठेवा.”