शुद्ध केलेली दुर्बीण

"ही कुठं ठिवतीस गं?" आबांनी विचारलं.

"घरी. आमच्या बौद्धवाड्यात."

त्यांनी एका माणसाला आपल्या घरी पिटाळलं. तो तांब्या घेऊन आला. आबांनी त्यात आंब्याची डहाळी बुडवली आणि सगळ्यांसमोर माझ्या दुर्बिणीवर गोमूत्र शिंपडलं.

"झाली शुद्ध. आता पावण्यांना बघू द्या."

विज्ञान दिनाची संध्याकाळ होती. आंबेगाव तालुक्यातलं एक गाव, शाळेचं मैदान. मी त्या शाळेत शिक्षणसेवक होते, आणि आबा संस्थेचे अध्यक्ष. मला कायम करायचं की घरी बसवायचं, ते त्यांच्या हातात. मांडवात फलक लावला होता : गावोगाव आकाश दाखवून अंधश्रद्धा दूर करणाऱ्या बाईंचा जाहीर सत्कार. बाई म्हणजे मीच. हसावं की रडावं!

दुर्बीण माझी आणि माझ्या वडिलांची. अण्णा मंचरला लाकडाच्या वखारीत कामाला होते. नळी त्यांनी बनवली. आरसा मी घासला, काचेवर काच, मधे पूड आणि पाणी, हाताची सालटी निघेपर्यंत. तो नळीच्या तळाशी बसतो. वरचं तोंड उघडं असतं. शिंपडलेलं सरळ आरशावर गेलं.

कोणी काही बोललं नाही. मास्तर मंडळी नाही, टाळ्या वाजवायला बसवलेली पोरं नाहीत. मीही नाही. लहानपणापासून हेच शिकले होते. वरून ओंजळीत पाणी ओतलं तरी प्यायचं आणि बरं म्हणायचं.

माइकवर माझं नाव पुकारलं. मी निघाले, तेवढ्यात अण्णा दिसले. सत्कार बघायला इस्त्रीचा सदरा घालून आले होते. मागच्या रांगेतून उठून ते दुर्बिणीपाशी गेले आणि खिशातला रुमाल काढून नळीत वाकले. लेकीच्या आरशावरचं पुसायला.

ते वाकणं मला सहन झालं नाही. घाण त्यांनी करायची, आणि पुसायची आम्ही. तीही गुपचूप, कार्यक्रमाला गालबोट लागू नये म्हणून. माझं डोकंच फिरलं.

"अण्णा, पुसू नका!" मी ओरडले.

मी स्टेजवर पोचले, तसे हेडमास्तर माझ्या हातात शाल देत कानाशी आले. "बाई, ऑर्डर निघायचीय अजून. शाल घ्या न् खाली उतरा."

मी माइक हातात घेतला. "आबा, खुर्च्या तुमच्या आळीतनं आल्या. माइक तुमच्या पुतण्याचा. त्यांच्यावर शिंपडलंत का?"

"आगं पोरी, चांगल्यासाठीच केलं. तुझ्यावर काय राग नाय आपला."

"मग कशावर आहे?"

आबांनी मान फिरवली.

"तुम्ही मला शाल देताय आणि माझं घर बाटलेलं समजताय. हा सत्कार मी घेत नाही. आज या दुर्बिणीतून कुणालाही काही दिसणार नाही."

शाल टेबलावर ठेवली. पाहुण्यांची चुळबुळ सुरू झाली. एक जण म्हणाला, "लई माजली." ऐकलं मी. अण्णांनी नळीचं एक टोक उचललं. दुसरं मी. मांडवाच्या मधूनच निघालो, कडेनं नाही.

जूनमध्ये माझ्या जागी दुसरी बाई आली. अण्णा कित्येक दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. पोटाचा प्रश्न होता, त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मी जुन्नरला शिकवण्या धरल्या. डागाळलेल्या आरशाला पुन्हा मुलामा दिला.

आता सत्काराची बोलावणी आली की मी एकच सांगते. दुर्बीण कुठंही जाणार नाही. शनीची कडी बघायची असतील तर बौद्धवाड्यात या. आमच्या ओट्यावर बसा, आमच्या माठातलं पाणी प्या, आमच्या पोरांच्या मागं रांगेत उभे राहा. परवा एक पुढारी गाडीतून उतरला आणि थेट पुढं आला. मी त्याला रांगेत मागं पाठवलं. उद्या आणखी मोठा आला, तर तोही मागंच जाईल.