गरम हवेनंतरचे पंधरा दिवस

घरात ढेकूण झालेत हे चारचौघांत सांगायची सोय नसते. बाइंडरकाकांनी चार महिने तोंडातून अवाक्षर काढलं नाही. चाळीस वर्षं लोकांच्या फाटक्या पुस्तकांना नव्या पाठी चिकटवणारा माणूस. कुणाच्या तरी पुस्तकाच्या पाठीतूनच ही पीडा घरात आली असणार, हे त्यांना कळून चुकलं होतं. काकूंच्या पाठीवर गांधी उठल्या, झोप उडाली, शेवटी त्या लेकीकडे निघून गेल्या. जाताना म्हणाल्या, "घर निर्मळ झालं की कळवा. त्याच दिवशी येते."

फवारण्या करून हात टेकले, तेव्हा काकांनी गरम हवेवाल्यांना बोलावलं. मोठाली यंत्रं आणि ती चालवणारी बाई आली, खोल्याखोल्यांत वायरी पसरल्या, घर पंचावन्न अंशांवर तापत राहिलं. काका सहा तास जिन्यात बसून होते.

दार उघडलं तसा इस्त्री केलेल्या कपड्यांसारखा वास अंगावर आला. फरशी चपलेतूनही भाजत होती. कपाटाची पट्टी उचकटली होती, कंगवा वाकला होता. आणि मांडणीवरच्या पुस्तकांचा डिंक सुटून पानं मोकळी झाली होती. काकांनी एक उचललं, तर नुसता पुठ्ठाच हातात आला.

"अहो, पुस्तकांचं असं होईल हे बोलला नव्हतात."

"कागदावर लिहिलं होतं, काका," यंत्रवाली बाई म्हणाली. बाई कामाची होती, उगाच गोड बोलणारी नव्हती. "आता नीट ऐका. गादीच्या शिवणीत मेलेले सापडतील, ते व्हॅक्यूमने ओढून घ्या. चार-दोन दिवस एखादा अर्धमेला फिरेल, घाबरू नका. पंधरा दिवस रोज सकाळी टॉर्च घेऊन चादर बघा. आणि झोपायचं याच पलंगावर."

"बाहेरच्या खोलीत झोपलो तर?"

"मग उरलेले तुमच्यामागे तिकडे येतील. त्यांना माणसाची ऊब लागते."

म्हणजे आमिष आपणच. ती गेल्यावर काका हसले, हसायला दुसरं कुणी घरात नव्हतं.

पहिल्या आठवड्यात मेलेलेच सापडले. अंगाची खाज मात्र जाईना. हात तपासावा तर हात स्वच्छ, आणि तरी पोटरीवरून काहीतरी चालत गेल्यासारखं वाटे. काकूंचा रोज फोन यायचा. "झाले का सगळे?" "होत आलेत," एवढंच ते सांगत.

अकराव्या दिवशी सकाळी उशाजवळ एक सापडला. चांगला टम्म, पळणारा. काकांनी त्याला बाटलीत धरून ठेवलं.

यंत्रवाली आली. पलंगामागच्या विजेच्या बटणांच्या पाटीचे स्क्रू तिने काढले, आत टॉर्च मारला आणि मागे सरकली. "हे तुमचे नाहीत. भिंतीपलीकडून येतायत. ते घर तापवल्याशिवाय तुमचं कितीदाही तापवा, उपयोग नाही."

भिंतीपलीकडे निवृत्त मास्तर राहत. त्यांनी दार अर्धंच उघडलं. "ढेकूण? माझ्या घरात? घाण तुम्ही आणलीत आणि वर मलाच सांगता?" त्यांच्या गळ्यापाशी लाल गांधींची रांग होती. काकांनी ती पाहिली, मास्तरांनी काकांना पाहताना पाहिलं, आणि सदऱ्याचं वरचं बटण लावून दार लोटून घेतलं. चार महिने आपणही असंच दार लावून बसलो होतो. काका भांडले नाहीत.

दुपारी काकूंचा फोन आला.

"खरं सांगा हो."

"एक सापडला. शेजारून येतायत. मास्तर ऐकत नाहीत."

काकू म्हणाल्या, "इथे तान्हं बाळ आहे. मी आता येत नाही."

"तुझे कपडे पाठवू का? चष्मा राहिलाय."

"नको. त्या घरातलं काहीच नको." आणि मग जरा हळू, "तुमच्याबद्दल म्हणत नाही मी."

"कळतंय," काका म्हणाले.

फोन ठेवून ते हार्डवेअरच्या दुकानातून पुट्टीचा डबा घेऊन आले. गुडघ्यावर बसून त्यांनी भिंतीची एकेक फट बुजवायला घेतली. हात बाइंडरचा, रेघ सरळच येत होती. पलीकडे मास्तर पलंग ओढत होते, बहुधा दुसऱ्या खोलीत. काकांनी ऐकलं आणि पुढची फट घेतली.