मोहियोद्दीनचा कंपायलर

गहिनीनाथ कोल्हारचा. गणितात एम.एस्सी. होऊन तो मुंबईच्या एका संशोधन संस्थेत कॉम्प्युटरवर कामाला लागला. तिथं त्याला नगरचा मोहियोद्दीन भेटला. एकाच जिल्ह्याचे म्हणून दोघं एका खोलीत राहू लागले.

लिस्प या कॉम्प्युटरच्या भाषेतल्या प्रोग्रॅमचं मशीनच्या आकड्यांत रूपांतर करणारा कंपायलर मोहियोद्दीन दोन वर्षं एकट्यानं लिहीत होता. १९७२च्या मार्चमध्ये तो काविळीनं गेला.

कंपायलर जवळजवळ पुरा झाला होता, पण मधूनच चुकीचं उत्तर द्यायचा. साहेब म्हणाले, "लिहिणारा गेला. आता त्यात कोण डोकं घालणार? बंद करू."

गहिनीनाथनं पंधरा दिवस मागून घेतले. मशीनवर पाळी आठवड्यातून एकदाच यायची. बाकीचं काम कागदावरच. रजा टाकून, छापील कागदांचा गठ्ठा घेऊन तो कोल्हारला आला.

रोज सकाळी ओट्यावर बसून तो एकेक सूचना वाची आणि कोणत्या रजिस्टरमध्ये, म्हणजे मशीनच्या आकडा धरून ठेवणाऱ्या कप्प्यात, काय आलं ते पेन्सिलीनं लिही. आई, साळूबाई, एकदा म्हणाली, "रजेवर आलास न् हे कसलं आकडं?"

"मोहियोद्दीनचं हाय, आई."

पुन्हा तिनं विचारलं नाही.

नवव्या दिवशी सापडलं. बेरजेतली पहिली किंमत कंपायलर एका रजिस्टरमध्ये ठेवी. दुसरी काढताना आणखी एखादं फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा वेगळा तुकडा, चाललं, की ते तेच रजिस्टर वापरी आणि पहिली किंमत पुसली जाई. ती आधी मेमरीत बाजूला ठेवायला हवी होती. मोहियोद्दीननं सगळीकडे तशी सूचना घातली होती. फक्त दुसरी किंमत एखाद्या अटीवर ठरणार असेल, तिथं ती राहून गेली होती. त्या भागाच्या कागदावर तारीख फेब्रुवारीची होती.

मुंबईत जाऊन त्यानं प्रोग्रॅमची चार भोकांची कार्डं नव्यानं पंच केली. सगळी उत्तरं जुळली.

पुढच्या खेपेला तो नगरला मोहियोद्दीनच्या आईकडे, खातूनकडे गेला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मंग चूक त्याचीच हुती?"

"व्हय, खाला. एका ठिकानी. बाकी समदं बरोबर हुतं."

"फेब्रुवारीत त्याचं पत्र आलं हुतं, ताप हाय म्हून. मी कळवलं, घरी ये. म्हनला, थोडंच राह्यलंय."



तो कंपायलर संस्थेत पुढं सात वर्षं चालला. माहितीपुस्तिकेवर नाव मोहियोद्दीनचंच होतं.