जोडलेलं वाक्य

मी चिडका माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना माझी बाजू घ्यायच्या भानगडीत कुणी पडणार नाही. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. बंगळूरच्या एका कॉलेजात मी पत्रकारितेच्या पोरांना रेडिओ शिकवत होतो. त्याआधी बरीच वर्षं रेडिओतच काढली होती. टेप कापावी ती मीच, असं लोक म्हणायचे आणि मला ते पटलेलं होतं. ब्लेडनं टेप तिरकी कापायची, नको तो तुकडा काढायचा, दोन टोकं पांढऱ्या चिकटपट्टीनं जोडायची. कानाला सांधा लागला नाही पाहिजे. खोकला काढायचा, अडखळणं काढायचं, चार मिनिटांच्या पाल्हाळातून वीस सेकंदांचा अर्क काढायचा. यातच माझा सगळा तोरा होता.

अशात विभागप्रमुखांनी ठरवलं की रेडिओ आणि टीव्हीच्या जोडीनं पोरांना इंटरनेटची पानंही करता आली पाहिजेत. त्यासाठी पुण्याहून आलेली एक तरुण बाई नेमली. नवरा इथं सॉफ्टवेअरमध्ये, ही त्याच्या मागोमाग आलेली. वय जेमतेम अठ्ठावीस. तिच्या मोडेमसाठी आमच्या विभागाचा एकुलता एक फोन गेला. ती इंटरनेट लावायची तेव्हा आमचा फोन तास तास बंद, आणि लावताना त्या डबड्यातून जो कर्कश आवाज निघायचा तो भिंतीपलीकडे माझ्या स्टुडिओत यायचा. मी दोनदा जाऊन भांडून आलो. "सॉरी सर, स्वल्प थांबा, फाईल चढतेय," असं ती पुणेरी मराठीत नवं शिकलेलं कन्नड मिसळून म्हणायची आणि मी आणखी भडकायचो. स्वल्प म्हणजे थोडं, पण तिचं स्वल्प पाऊण तासाचं असायचं.

तिचा वर्ग मात्र मी चोरून ऐकायचो, खोटं कशाला सांगू? मीच तयार केलेली पोरं होती ती. त्यांनी पहिली पानं केली ती अगदी रेडिओसारखी. पहिल्या पानावर "नमस्कार, आता आपण पाहणार आहोत", खाली पुढं जायचं एकच बटण, मग दुसरं पान, तिसरं, आणि शेवटी धन्यवाद. मला ती पानं बरी वाटली. तिनं हसून विचारलं, "समोरच्याला मधूनच निघून दुसरीकडे जावंसं वाटलं तर? त्याला काही विचारायचं असलं तर?" आणि तीच पुढं म्हणाली, "रेडिओवर तुम्ही श्रोत्याचा हात धरून नेता. इथं त्याचा हात सोडा. तो कुठं जाईल ते त्याला ठरवू द्या." मी मनात म्हटलं, हात सोडला की पोर जत्रेत हरवतं, बाई. पण त्या दिवशी घरी जाताना तेच वाक्य डोक्यात घोळत होतं.

दुसऱ्या सत्रात आम्हा दोघांना मिळून एक काम दिलं गेलं. पोरांनी पीण्या या बंगळूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या कारखान्यांवर कन्नडमधून अर्ध्या तासाचा रेडिओ कार्यक्रम करायचा, आणि त्याच मजकुराचं इंटरनेटचं पानही करायचं. कार्यक्रमाला रविवारी सकाळी रेडिओवर जागा मिळालेली होती. त्या निमित्तानं आम्हाला एक माणूस भेटला. सीमाभागातल्या अथणीकडचा, पन्नाशीचा, घरी मराठी आणि कारखान्यात कन्नड बोलणारा. पत्र्याचे भाग ठोकून काढणाऱ्या पॉवर प्रेसवर त्यानं पंचवीस वर्षं काढली आणि त्यात दोन्ही कान गेले. पूर्ण बहिरा. मालकानं त्याला प्रेसवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं होतं, माल मोजून द्यायला. तेवढ्यावर घर चालत होतं.

त्याची मुलाखत आमच्या वर्गातल्या चिकोडीकडच्या एका मुलीनं घेतली. ती वहीत प्रश्न लिहायची, तो वाचायचा आणि घसा फोडून उत्तर द्यायचा, कारण आपण किती मोठ्यानं बोलतोय हे त्याला कळतच नव्हतं. गडी बोलका. पाऊण तास बोलला. प्रेसबद्दल, गावाबद्दल, मालकाबद्दल, घरातल्या पोरांबद्दल.

ती टेप मी स्वतः कापली. पाऊण तासातून दीड मिनिट. आणि त्यात मी एक जोड साधली की बस. खाली प्रेसचा धडधडाट, त्यावर त्याचा आवाज: "कान गेले ते ह्या प्रेसनंच. आम्हाला कोण विचारतो?" मग एकदम शांतता. वर्गात ऐकवली तेव्हा पोरं सुन्न झाली. मी तीनदा वाजवली. "बघा," म्हटलं, "याला म्हणतात संकलन." पंधरा दिवसांनी, कार्यक्रमाच्या आधीच्या गुरुवारी, टेप रेडिओकडे जमा करून टाकली.

पानाचं काम त्या मुलीकडे होतं. फोनच्या तारेवरून आवाज पाठवायचा म्हणजे मिनिटाला अर्धा तास लागायचा, म्हणून पुण्याच्या बाईंचा नियम असा की प्रत्येक आवाजाशेजारी त्याचं लिखाण पाहिजे. कन्नड अक्षरं तेव्हा सगळ्या कॉम्प्युटरांवर उमटत नसत. मग त्या मुलीनं काय करावं? सगळी पाऊण तासाची मुलाखत हातानं कागदावर उतरवली, एकेक वाक्य कात्रीनं कापून पट्ट्या केल्या, आणि प्रत्येक पट्टी स्कॅन करून तिचं चित्र पानावर चढवलं. वर कार्यक्रमात आलेली वाक्यं, खाली सगळी मुलाखत. वरच्या कुठल्याही वाक्यावर दाबलं की ते मुळात जिथं बोललं गेलं तिथं आपण जाऊन पोहोचायचो. हे तिचं स्वतःचं डोकं. बाईंनीसुद्धा असं काही सांगितलेलं नव्हतं. पंधरा दिवस ती मुलगी लॅबमध्ये बसून होती, बोटांना डिंक आणि डोळे लाल.

बाईंचा दुसरा नियम मला अजिबात मान्य नव्हता. ज्याचं बोलणं आहे त्याला पान आधी दाखवायचं. रेडिओत आम्ही असलं काही करत नव्हतो. पाहुण्याला पंगतीत बसवावं, चुलीपाशी नेऊ नये, असं माझं मत. "एकदा दाखवायला लागलात की प्रत्येक जण म्हणेल हे काढा, ते घाला," मी तिला सुनावलं. ती म्हणाली, "म्हणू देत की, सर. त्यांचंच आहे." तरी शुक्रवारी, तो माणूस लॅबमध्ये यायचा होता तेव्हा मी मुद्दाम जाऊन बसलो. माझी जोड वाचून त्याच्या डोळ्यांत पाणी येईल अशी माझी खात्री होती.

तो धुतलेला पांढरा शर्ट घालून आला. मुलीनं त्याला माऊस हातात धरायला शिकवलं. पहिली दोन मिनिटं बाण पडद्याबाहेर पळत होता आणि तो स्वतःवरच हसत होता. मग सरावला. वरचं वाचलं. "कान गेले ते ह्या प्रेसनंच" वर दाबलं, खाली गेला, आणि तिथं पुढचं वाचत बसला. पुढं त्याचंच बोलणं होतं, की मालकानं कानात घालायची बुचं आणून दिली होती, आम्हीच घालत नव्हतो, घाम यायचा. कान गेल्यावर दवाखान्याला त्यानंच नेलं, आणि कामावरून काढलं नाही. मग तो परत वर आला आणि "आम्हाला कोण विचारतो" वर दाबलं. पान थेट मुलाखतीच्या शेवटाकडे गेलं. तिथं लिहिलं होतं: "पोरं मोठी झाली. टीव्ही कुठला घ्यायचा, लग्न कुणाचं कधी करायचं, सगळं तीच ठरवतात. आम्हाला कोण विचारतो?" आणि कंसात मुलीनं लिहिलं होतं, हसतात.

तो वर गेला, खाली आला, परत वर गेला. मग माझ्याकडे वळून त्या मोठ्या आवाजात म्हणाला, "सर, हे दोन्ही माझंच हाय. पण हे मी एकदम बोललो न्हाई."

लॅबमधली पोरं वळून बघायला लागली. मी वहीत लिहिलं, की रेडिओत वेळ कमी असतो, थोडं जवळजवळ आणावं लागतं. त्यानं वाचलं. "मालक दर रविवारी रेडिओ ऐकतो," तो म्हणाला. "ह्यानं माझं पोट जाईल. आणि पोट ऱ्हाऊ दे, त्या माणसाला काय वाटंल?" मी त्या मुलीवर घसरलो.

"तुला हे कधी कळलं?"

"लिहून काढताना, सर."

"मग सांगितलं का नाहीस?"

ती खाली बघत म्हणाली, "ती जोड तुम्ही वर्गात तीनदा वाजवली होती, सर. उत्तम म्हणून."

मी उठलो. टेप जमा झाली आहे, आता काही होणार नाही, असं काहीतरी पुटपुटलो. बाईंनी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाल्या, "वर तुमची जोड आणि खाली मुलाखत, पान दोन्हीसकट चढवणार आहे, सर. लोक दाबून बघतील." खरं सांगायचं तर मी त्या दुपारी रेडिओच्या ऑफिसात गेलो तो निम्मा लाजेनं आणि निम्मा त्या भीतीनं. कुठलं निम्मं मोठं होतं, हे मी आजवर स्वतःलासुद्धा सांगितलेलं नाही. तिथल्या साहेबांनी मला अर्धा तास ताटकळत ठेवलं आणि तुमच्यासारख्या जुन्या माणसानं असं करावं का, म्हणून चार शब्द ऐकवले. खाली मान घालून ऐकले. टेप परत आणली.

शनिवारी ती मुलगी, बाई आणि मी स्टुडिओत बसलो. मी कापायचो, मुलगी कागदावर उतरवायची, आणि तो कागद बाई रिक्षानं पीण्याला नेऊन त्या माणसाला वाचायला द्यायच्या. दोन फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीला त्यानं एक वाक्य परत घालायला सांगितलं, बुचांचं. "आमची बी चूक हाय, ती बी येऊ दे," असं त्यानं लिहून पाठवलं होतं. पोरांचं बोलणंही जसंच्या तसं आलं. दीड मिनिटाचं अडीच मिनिट झालं, त्यासाठी मी माझं निवेदन कापलं. माझ्या कानाला ते सगळं सैल वाटलं, तो धक्का गेला होता. पण त्या दोघींची कामाची रीत मी जवळून बघत होतो. घाई असूनही एकीनंही "चालतंय, जाऊ दे" म्हटलं नाही. इतक्या वर्षांत माझ्या एकाही टेपेवर मी इतके कष्ट घेतले नव्हते, आणि ते कुणासाठी, तर जे बोलणं कार्यक्रम ऐकताना कुणाच्या ध्यानातही राहणार नाही त्यासाठी. मला त्यांचं फार कौतुक वाटलं. तोंडानं मात्र बोललो नाही, ते आमच्यात नाहीच.

रविवारी कार्यक्रम लागला. आठ दिवसांनी तो माणूस कॉलेजात आला. पान परत बघायचं होतं त्याला. मालकानं कार्यक्रम ऐकला होता, आणि सोमवारी स्टोअरमध्ये येऊन पाटीवर खडूनं लिहून विचारलं होतं, तुझी पोरं खरंच तुला विचारत नाहीत का? हे सांगताना तो इतका मोठ्यानं हसला की शेजारच्या वर्गातून माणूस डोकावून गेला. पानावर लोकांना लिहायला जागा ठेवली होती, तिथं चार-पाच जणांनी त्याला लिहिलं होतं. एक तर कुठल्याशा कापडगिरणीतला, त्याचेही कान गेलेले. मुलीनं ते कागदावर उतरवून दिलं. त्यानं एकेक अक्षर वाचलं, मग उत्तरं सांगितली, ती तिनं पाठवली. बाई मागं उभ्या राहून बघत होत्या.

निघताना तो माझ्या खोलीत आला. माझ्यामागं भिंतभर कपाट होतं, वरपासून खालपर्यंत माझ्या कापलेल्या टेपा आणि त्यांच्या मूळ मुलाखती, प्रत्येक डब्यावर माझ्या हातची चिठ्ठी. त्यानं दोन-चार चिठ्ठ्या वाचल्या.

"ही समदी तुमीच जोडली?"

मी मान हलवली.

"ह्यात माझ्यावानी किती हाईत?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मी उलट भांडलो असतो. मी कागद ओढला, पेन घेतलं. लिहिलं, माहीत नाही.

त्यानं वाचलं. "त्यास्नी तर ऐकू येत हुतं," तो म्हणाला. "कोण बोललं न्हाई?"

एकदा वाजलं की गेलं, कोण कुठं परत ऐकणार, असं मी लिहायला घेतलं आणि अर्ध्यावर थांबलो. तो अर्धा कागदही त्यानं वाचला, माझ्यापुढं टेबलावर ठेवला, आणि म्हणाला, "बघा की मग."

तो गेल्यावर मी भिंतीपलीकडे लॅबमध्ये गेलो आणि त्या मुलीला विचारलं, माझ्या एका जुन्या टेपेच्या पट्ट्या करायला किती दिवस लागतात.